रॉल्स यांचे भेदतत्त्व आणि जासईचे साडेबारा टक्के

जॉन रॉल्स यांचा न्यायविषयक ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध झाला. नवी मुंबईसाठीचे भूसंपादनही त्याच सुमाराचे. सर्वांत वंचितांचे हित साधणारी विषमताच न्याय्य, हे त्यांचे भेदतत्त्व. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जासई परिसरातील आंदोलनात गोळीबारात ५ जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. भेदतत्त्वाच्या कसोटीस ती अंशतःच उतरते. भूखंडाचे माप संपादित जमिनीच्या मापावर ठरत असल्याने जुनी विषमता नव्या नगरात तशीच उतरते. ‘अज्ञानाच्या पडद्या’आड, स्वतःचा सातबारा ठाऊक नसताना, असे प्रमाण अल्पभूधारक कशाला निवडेल? तथापि वाटपाआधी संमतीचा प्रश्न येतो. रॉल्स यांचे करारकर्ते प्रारंभीच समान मानलेले आहेत. जासईच्या शेतकऱ्यांना वाटाघाटीत ते स्थान आंदोलनानंतर मिळाले.