रस्ता आणि शेजार

एखाद्या ग्रंथाची खरी परीक्षा तो परक्या गावी वाचला जातो तेव्हा होते. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात नगररचनेचे अध्यापन करणारे डोनाल्ड ॲपलयार्ड यांचा ‘लिव्हेबल स्ट्रीट्स’ हा ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला. इतक्या वर्षांनी त्याचे स्मरण करण्यास कारण आहे. रस्त्यांची ‘पुनर्रचना’ हा शब्द आपल्या शहरांतून अलीकडे वारंवार कानी पडू लागला आहे. २०२० साली केंद्र सरकारने पायी चालणाऱ्यांसाठी रस्ते घडविण्याची जी स्पर्धा पुकारली, तीत आमचे शहरही (तेव्हाचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर) उतरले होते. तेव्हा हा ग्रंथ उस्मानपुऱ्यात बसून वाचला असता त्यातील किती टिकते, हे पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

ग्रंथाचा गाभा एका साध्या पाहणीत आहे. सॅनफ्रान्सिस्को शहरातील तीन रस्ते ग्रंथकाराने निवडले. पहिल्यावरून दिवसाकाठी सुमारे २,०००, दुसऱ्यावरून ८,००० व तिसऱ्यावरून १६,००० वाहने जात. मग त्याने तेथील रहिवाशांना विचारले, या रस्त्यावर तुमचे स्नेही किती? पहिल्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन निघाले, तिसऱ्यावर ०.९, म्हणजे पुरता एकही नाही. कमी रहदारीच्या रस्त्यावरील माणूस आपल्या घराची सीमा सांगताना सारा रस्ता कवेत घेई. गजबजलेल्या रस्त्यावरील माणूस उंबरठ्याच्या आत, किंबहुना मागच्या खोलीत सरकलेला असे.

या पाहणीचे महत्त्व असे की, सुरक्षितता आणि शेजार या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे तिने दाखवून दिले. आपल्याकडे पहिली अभियंत्याकडे व दुसरी कवीकडे सोपविण्याची चाल आहे. परंतु ज्या वेगाने माणूस मरतो, त्याच वेगाने ओळखही मरते. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीचा आघात ताशी ३० च्या गाडीहून जवळजवळ पावणेतीनपट असतो, हे पदार्थविज्ञानाचा विद्यार्थीही सांगेल. आणि ५० च्या वेगाने जाणाऱ्यास ओट्यावर बसलेल्या वृद्धाचा चेहरा दिसत नाही, हे सांगावयास विज्ञानाचीही गरज नाही. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली; त्यांतील ३२,८२५ पायी चालणारी होती. ज्याच्यापासून कोणासही धोका नाही, त्यानेच हे मोल द्यावे, यात न्याय तो कोणता?

येथवर ग्रंथकाराशी मतभेद होण्याचे कारण नाही. उस्मानपुऱ्यात मात्र त्याची वाट अडते. ‘पुरा’ या शब्दाचा अर्थच वस्ती. बावन्न पुऱ्यांचे म्हणून जे शहर ओळखले जाई, त्यातील हा एक. ॲपलयार्ड यांच्या रस्त्यांवर माणसे केवळ राहतात. रहदारी ही त्यांच्या दृष्टीने बाहेरची आपत्ती आहे. उस्मानपुऱ्यातील गर्दी बरीचशी घरचीच आहे. शासकीय तंत्रनिकेतनाचे विद्यार्थी, चहाच्या टपरीवरील मंडळी, भाजीच्या हातगाड्या, रिक्षांचा थांबा, संत एकनाथ रंगमंदिरातून नाटक सुटल्यावर बाहेर पडणारा प्रेक्षकवर्ग, ही सारी वर्दळ काढून टाकली तर रस्ता सुरक्षित होईल, परंतु उस्मानपुरा उरणार नाही. येथे जेन जेकब्स या बाईंनी १९६१ सालच्या आपल्या ग्रंथात मांडलेला विचार अधिक उपयोगी पडतो. दुकानदार व येणारेजाणारे यांचे सहज पडणारे लक्ष हाच रस्त्याचा पहारा, असे त्या म्हणतात. रात्री उशिरा परतणाऱ्या मुलीस दिव्याच्या खांबाइतकाच उघड्या टपरीचा आधार वाटतो, हे त्यांना उमगले होते. शिवाय एका रस्त्यावरील वाहने दुसरीकडे वळविणे हा उपाय ज्या मोहल्ल्यात ती वळतात, त्यास विचारल्यावाचून करणे म्हणजे आपल्या अंगणातील केर शेजाऱ्याच्या दारी लोटणे होय.

मग करावे काय? पुण्याचे उदाहरण सर्वांच्या तोंडी आहे. तेथे २०१६ साली रस्त्यांच्या रचनेचे नियम झाले व जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ, बाके व झाडांच्या सावल्या आल्या. बालगंधर्व रंगमंदिराकडे आता पायी जाणे हाही एक आनंद आहे. परंतु तो रस्ता मुळात प्रशस्त आणि एकेरी. त्याची नक्कल आमच्या अरुंद रस्त्यावर उतरविली, तर बाके येतील आणि चालावयास जागा उरणार नाही. शोभा शेवटी करावयाची असते. आम्ही तिच्यापासूनच आरंभ करतो. भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी व त्याची कड १५ सेंटिमीटरांहून उंच नसावी. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईस कारंज्याहून या दोन आकड्यांचे अगत्य अधिक. हातगाडीवाल्यास हुसकावण्याऐवजी २०१४ च्या पथविक्रेता कायद्यान्वये जागा आखून द्यावी. चौकात वळणाऱ्या गाडीस आपोआप वेग आवरावा लागेल असा कोपरा आवळावा. रस्ता ओलांडण्याची जागा लोक जेथे खरोखर ओलांडतात तेथेच असावी. यांतील एकाही गोष्टीस घरे पाडावी लागत नाहीत. रुंदीकरणाने मात्र घरे जातात, वेग वाढतो आणि पलीकडच्या बाजूस राहणारा स्नेही आणखी दूर जातो.

ॲपलयार्ड यांचा ग्रंथ अपुरा आहे, परंतु खोटा नाही. तो प्रसिद्ध झाल्यावर वर्षभरातच, १९८२ साली, अथेन्स येथे भरधाव मोटारीखाली सापडून ग्रंथकाराचा अंत झाला. त्याने मागे ठेवलेला प्रश्न आमच्या नगररचनाकारांनी नकाशावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी उस्मानपुऱ्यातील दहा घरी जाऊन विचारावा, एवढेच मागणे आहे: समोरच्या बाजूस तुमच्या ओळखीचे कोण राहते, आणि त्यांच्याकडे तुम्ही शेवटचे कधी गेला होता?