हात विद्यार्थ्यांचे, प्रश्न कुणाचा?

कला महाविद्यालयांत ‘रिसर्च’ या शब्दाचे सध्या दोन अर्थ चालतात. पहिला पिंटरेस्टचा: प्रोजेक्ट मिळाला की दोनशे रेफरन्स सेव्ह करायचे. दुसरा पीएचडीचा: अमुक चित्रकाराचं जीवन व कार्य, पाच प्रकरणं, उपसंहार, बाइंडिंग. दोन्हींत डोळ्याला आणि हाताला फारसं काम नाही. मग त्याला दृश्यकलेचं संशोधन का म्हणायचं?

मी सॉफ्टवेअरवाला आहे, कलाशिक्षण घेतलेलं नाही. पण खांडसवरून घाट चढून भीमाशंकरला बऱ्याचदा जातो, आणि तिथे स्केचबुक घेऊन आलेली मुलं भेटतात. नागर शैलीचं शिखर, धुकं, ओला दगड हे सगळं वॉटरकलरमध्ये छान उतरतं. देवळाच्या आवारात एक मोठी घंटाही आहे. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी ज्या पोर्तुगीज घंटा आणल्या, त्यांतली ही एक मानली जाते.

एका मुलाने या घंटेचं शेडिंग फार सुंदर केलं होतं. वरची नक्षी मात्र चार रेघोट्यांत उरकली होती. ती नक्षी म्हणजे ख्रिस्ती चिन्हं. सोबतचे सर ‘कंपोझिशन मस्त’ म्हणून पुढे गेले. माझ्या मते खरा अभ्यासक्रम त्या रेघोट्यांपाशी सुरू व्हायला हवा होता. हात जिथे अंदाजाने चालतो, तिथे डोळ्याने काहीतरी पाहिलेलं नसतं. शिवाच्या दारात ही चिन्हं कशी आली? ती पुसून का टाकली नाहीत? रोज ती घंटा ऐकणाऱ्यांना ती कशी दिसतात? हे प्रश्न चित्र काढतानाच पडू शकतात.

आमच्याकडे बग आला की आधी तो ‘रिप्रोड्यूस’ करावा लागतो. त्याशिवाय कारणावर कुणी बोलत नाही. चित्रातली नक्कल हेच काम करते. महाराष्ट्रात याचं मोठं उदाहरण आहे. १८७२ पासून तेरा वर्षं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती काढत होते. अंधारात भिंतीसमोर बसून रेषा कुठे वळते हे शोधायचं, हे संशोधनच होतं. पेस्तनजी बोमनजी त्याच कामातून घडले.

पण या उदाहरणाची आरती ओवाळायचं कारण नाही. प्रश्न सरकारचा होता, प्रती लंडनला गेल्या, १८८५ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या, पुस्तकावर नाव ग्रिफिथ्स यांचं लागलं. चित्रं नीट दिसावीत म्हणून लावलेल्या व्हार्निशने मूळ भिंतींचंही नुकसान झालं. म्हणजे नुसते हात-डोळे पुरत नाहीत. प्रश्न कुणाचा आणि त्याची किंमत कोण मोजतो, हेही विचारावं लागतं.

याच्या उलट टोकाला भास्कर कुलकर्णी दिसतात. ते स्वतः चित्रकार होते. मधुबनीच्या बायकांकडे कागद घेऊन गेले, पुढे वारली पाड्यांवर राहिले. जिव्या सोमा म्हसे यांचं काम जगापुढे येण्यात त्यांचा वाटा मोठा. माणसांत राहून, त्यांच्या हातात कागद देऊन थांबणं, हीसुद्धा संशोधनाची पद्धतच आहे. पण आपल्या प्रबंधाच्या नमुन्यात तिला रकाना कुठे आहे?

२०२३ मध्ये जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता प्रबंध वाढतील, पेपर मोजले जातील. भीती एवढीच की मोजायला सोपं तेच संशोधन ठरेल. दीडशे वर्षांपूर्वी हात विद्यार्थ्यांचे आणि प्रश्न सरकारचा होता. आता हातही नको आणि प्रश्न फॉरमॅटचा, असं झालं तर प्रगती कसली?

माझी सूचना साधी आहे. स्टडी टूरच्या मार्कांपैकी निम्मे चित्राला द्या, निम्मे त्यातून निघालेल्या एका प्रश्नाला आणि त्याच्या पाठलागाला. विषय हवेत? जुन्नरच्या मानमोडी डोंगरात बौद्ध लेण्यांच्या एका गटाचं नावही भीमाशंकरच आहे. पेन्सिल घ्या, जाऊन बसा, आणि का ते शोधा.