मोडलेला विवाह : ‘जेन एअर’ आणि ‘संगदिल’

आर. सी. तलवार यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संगदिल’ (१९५२) या हिंदी चित्रपटाचा मूलाधार शार्लट ब्राँटे हिची ‘जेन एअर’ (१८४७) ही कादंबरी होय. दिलीपकुमार आणि मधुबाला यांच्या भूमिका व सज्जाद हुसेन यांचे संगीत यांमुळे हा चित्रपट स्मरणात राहिला. रूपांतर म्हणून त्याचा विचार निघतो तेव्हा तो मूळ कृतीशी किती प्रामाणिक, या निष्फळ प्रश्नापाशीच चर्चा अडते. खरा प्रश्न निराळा आहे. कादंबरीचा सारा भार ज्या प्रसंगावर तोललेला आहे, तो प्रसंग नव्या भूमीत कशाच्या आधारावर उभा राहतो?

तो प्रसंग म्हणजे मोडलेला विवाह. वेदीसमोर उभ्या असलेल्या रॉचेस्टरची पहिली पत्नी हयात आहे, वेडी आहे आणि त्याच्याच घराच्या वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे, असे उघडकीस येते व विवाह तेथेच थांबतो. त्या काळच्या इंग्लंडात दुसऱ्या विवाहाला कायदा, धर्म आणि लोकमत हे तिन्ही आडवे येत होते. वेडाच्या कारणास्तव घटस्फोट मिळण्याची सोय तेथे १९३७ पर्यंत नव्हती. जेनचा नकार तिच्या अंतःकरणातून येतो हे खरे. परंतु त्याच्या पाठीशी सर्व समाज उभा आहे, हेही तितकेच खरे.

आता हाच प्रसंग हिंदू ठाकुराच्या हवेलीत आणून पाहावा. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्याविवाहाला १९४६ च्या कायद्याने बंदी झाली होती. ज्या नगरीत हे चित्रपट निर्माण होत, तिच्यापुरती अडचण सिद्धच होती. पण तेव्हाच्या मध्य प्रदेशात, ज्याची राजधानी व उच्च न्यायालय दोन्ही नागपूरला होती त्या राज्यात, ही बंदी आली ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. जबलपूरच्या ओमती भागातला एखादा मराठी वकील १९५२ साली हा चित्रपट पाहावयास बसला असता, तर शंकरचे लग्न मोडण्याचे कायदेशीर कारण त्याला सापडले नसते. पहिली बायको वेडी, म्हणून दुसरी केली, यात त्याच्या आजोबांना तर नवलही वाटले नसते.

म्हणजे या भूमीत शंकर व कमला यांच्यामध्ये फसवणुकीचे दुःख होते, लोकलज्जा होती, कायदा नव्हता. कमला नाही म्हणते तेव्हा तिच्यामागे तिच्या स्वत्वाखेरीज दुसरे कोणतेही बळ नाही. जेनच्या नकाराहून हा नकार अधिक एकाकी, म्हणून अधिक मोलाचा ठरू शकला असता. मूळ कृतीच्या पुढे जाण्याची अशी संधी रूपांतरकाराला क्वचितच लाभते.

चित्रपटाने ती गमावली, आणि गमावली ती प्रसंग येण्याच्या कितीतरी आधी. जेन ही शिक्षिका आहे. ती पगारावर राहते, मालकाशी वाद घालते, सोडून जाते तेव्हा आपल्या हातांवर विसंबून जाते. ‘संगदिल’ची कमला शंकरची बालमैत्रीण आहे आणि पुजारिणींच्या मेळ्यात वाढलेली आहे. तिचा विरह बालपणापासून ठरलेला, तिचा त्याग तिच्या वेषातच विणलेला. हवेली सोडल्यावर ती परतते तीही देवळाकडेच. मग तिचा नकार निर्णय वाटत नाही, व्रत वाटते. येथे एक विलक्षण उलटापालट झाली आहे. कादंबरीत सेंट जॉन रिव्हर्स हा धर्मप्रसारक जेनला पत्नी म्हणून हिंदुस्थानात नेऊ पाहतो, तिला हिंदुस्थानी भाषाही शिकवितो. आणि प्रेमावाचून दिलेले ते धर्मजीवन जेन नाकारते. जे तिने नाकारले, तेच चित्रपटाने आपल्या नायिकेच्या हाती आरंभीच दिले. १९४३ च्या इंग्रजी चित्रपटात तर रिव्हर्स धर्मप्रसारक न राहता डॉक्टर झाला. तेव्हा हा दोष एकट्या तलवारांच्या माथी मारणे न्याय्य नाही.

दुसरी हानी निवेदनाची. ‘जेन एअर’ प्रसिद्ध झाली ती आत्मचरित्र म्हणून. तिच्यातले प्रत्येक वाक्य जेनचे आहे. स्त्रीचे असे प्रथमपुरुषी कथन आपल्याकडे परके होते, असेही नाही. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो!’ मध्ये यमूच्या तोंडून एका घराची सारी कोंडी सांगितली, त्याला तेव्हा साठ वर्षे होऊन गेली होती. यमूला शिक्षिकेची नोकरी नव्हती, तरीही तिच्याजवळ आवाज होता. कमलेजवळ गाणी आहेत. ती गोड आहेत. पण गाण्यात तक्रार करता येते, युक्तिवाद करता येत नाही, आणि जेनचे प्रेम तर युक्तिवादातूनच वाढते.

शेवटी हवेलीला आग लागते, वेडी पत्नी मरते, शंकर आंधळा होतो, कमला परत येते. कादंबरीत त्या आगीने कायद्याची गाठ तोडली होती. ओमतीतल्या त्या वकिलाच्या दृष्टीने मात्र जळण्यासारखी गाठ तेथे नव्हतीच. जळाली ती एक कोंडलेली स्त्री.