झुडपी जंगल : एका शब्दाचे परीक्षण

परीक्षण करायचे तर कादंबरीचे करावे, निदान नाटकाचे तरी. पण मी पडलो बी.कॉम. आणि त्यातून चंद्रपूरच्या एका बँकेतला कारकून. माझ्या टेबलावर कादंबऱ्या येत नाहीत, सातबारे येतात. तेव्हा ज्याचे वाचन दांडगे त्यावरच लिहावे, या न्यायाने सातबाऱ्यावरचा एक शब्द परीक्षणाला घेतला आहे : ‘झुडपी जंगल’.

पुण्या-मुंबईच्या वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. हे पीक नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसुली दप्तरात येते. आमच्या झाडीपट्टीत माणसे जंगलाला झाडी म्हणतात, रान म्हणतात. ‘चल, झुडपी जंगलातून फिरून येऊ’ असे कोणी बायकोलादेखील म्हणत नाही. शब्द लोकांचा नव्हे, कागदाचा.

आधी रचना पाहू. विशेषणाने नामाची शोभा वाढवावी असे आम्हांला शाळेत शिकवले होते. इथे विशेषण नामाचे पाय ओढते. जंगल म्हणावे तर झुडपी, आणि झुडपे म्हणावीत तर जंगल! बिनपैशाची मुदत ठेव म्हणा ना!

आता अर्थाकडे वळू. गावाच्या लेखी ही गुरे चारायची नि सरपण आणायची जागा. तलाठ्याच्या लेखी हलक्या प्रतीची, कोणी न कसलेली, झुडपे असलेली जमीन. शेळीच्या लेखी जेवणाचे ताट. वाघाच्या लेखी विश्रांतिगृह; ताडोबाचे वाघ सातबारा न पाहता फिरतात. १९८० साली वनसंवर्धन कायदा आला आणि केंद्राला विचारल्याशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला देता येईना. मग ‘जंगल’ हे नाम एकदम वजनदार झाले आणि ‘झुडपी’ बिचारे कोपऱ्यात उभे राहिले. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशातला घ्यावा. सरकारी कागदावर वन म्हणून नोंद असलेली जमीनही, मालक कोणी का असेना, त्यात आली. शब्दकोशाला एवढा मान मिळालेला पाहून कोणाही भाषाप्रेमीचा ऊर भरून यावा. माझाही आला असता. पण त्याच सुमारास आमच्याकडे एक काका येऊ लागले.

काका शाळेत शिपाई होते, आता निवृत्त. १९८९ साली रीतसर पट्टा मिळाला, त्यावर दोन खोल्या बांधल्या. छत गळते म्हणून कर्ज हवे. मी सातबारा पाहिला. झुडपी जंगल.

“काका, हे तारण चालत नाही. हे जंगल आहे.”

“कुठं हाय जी जंगल? मले दाखवा ना! समोर नळ हाय, मागं शाळा हाय. एक तुळस हाय दारात, तिले जंगल म्हनता का?”

तुळशीची नोंद कोणत्या रकान्यात घ्यावी ते मला सुचेना. मी म्हणालो, “वरून कळवतो.” कारकुनाचे हे रामबाण वाक्य. काकांनी ते माझ्या तोंडून पुढे बऱ्याच वेळा ऐकले. दर पावसाळ्यात ते येत, आणि मी वर पाहत असे.

माझे मत असे, की हा शब्द म्हणजे महसूल खात्याचे सस्पेन्स खाते. रक्कम कुठे टाकावी ते कळले नाही की आम्ही ती सस्पेन्समध्ये टाकतो. त्यात पाप नाही. पाप आहे ती तशीच ठेवण्यात. आमच्याकडे निदान ऑडिटर येऊन मानगूट धरतो. इथे नोंद तशीच राहिली आणि तिच्यावर घरे, शाळा, सरकारी कचेऱ्या, स्मशाने उभी राहिली. नागपूरच्या उच्च न्यायालयाची इमारतही अशाच जमिनीवर. म्हणजे न्यायमूर्तीसुद्धा कागदोपत्री झुडपातच बसलेले!

अखेर ऑडिट झाले. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : झुडपी जंगल हे वनच, मात्र १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवून त्या वनाच्या यादीतून वगळून घ्याव्यात. वनव्यवस्थापनाला अयोग्य ठरलेली अशी जमीन ८६,४०९ हेक्टर आहे म्हणतात. त्यातली दोन खोल्यांची काकांची.

परीक्षकाने शेवटी निर्णय द्यायचा असतो. शब्द टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. जिथे खरोखर झुडपे आहेत तिथे तो राहावा. शेळीचे ताट आणि वाघाचे विश्रांतिगृह आपण कोण काढून घेणार? माझी तक्रार वेगळी आहे. लिहिणाऱ्याने शब्द लिहून टाक पुसला, आणि नंतर कोणी जागेवर जाऊन पाहिले नाही. त्या कोणात मीही आहे. काकांचे घर माझ्या बँकेपासून सायकलने वीस मिनिटांवर. इतक्या वर्षांत मी एकदाही गेलो नव्हतो.

परवाच्या रविवारी गेलो. काकांनी चहा दिला. छतावर ताडपत्री होती. “प्रस्ताव गेला का जी वर?” त्यांनी विचारले. मी सवयीने वर पाहिले. ताडपत्रीच्या भोकातून आभाळ दिसत होते.

तुळस मात्र एकच आहे. मोजून आलो.