ऋतुकालीन हवामान-अंदाज आणि मांसोत्पादक पशुपालन : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात मांसासाठी गुरे पाळण्याचा व्यवसाय विस्तीर्ण नैसर्गिक कुरणांवर चालतो. प्रशांत महासागरात 'एल निनो' असला की तेथे पाऊस कमी पडण्याची शक्यता वाढते. म्हणून पुढील काही महिन्यांचा अंदाज पाहून गुरांची संख्या ठरवावी, असा सल्ला तेथील पशुपालकांना दिला जातो. या सल्ल्याची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अंदाजाचे स्वरूप :
ऋतुकालीन अंदाज म्हणजे भविष्यवाणी नव्हे. ती केवळ संभाव्यता होय. कमी पावसाची शक्यता ७० टक्के म्हटली, तर दहांपैकी तीन वेळा तसे घडणार नाही, हेही त्यातच अभिप्रेत असते. सप्टेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हवामान विभागाने एल निनो सुरू झाल्याचे जाहीर केले. आधीच घसरलेले गुरांचे भाव ऑक्टोबरमध्ये आणखी खाली आले आणि वर्षअखेरीस पूर्व भागात अनेक ठिकाणी भरपूर पाऊस झाला. घाईने गुरे विकलेल्यांचा रोष हवामान विभागावर ओढवला. वस्तुतः एल निनो आला होता. चूक झाली ती शक्यतेला निश्चिती मानण्यात. शिवाय सर्वांनी एकाच अंदाजावर एकाच वेळी विक्री केली, तर अंदाज खरा ठरूनही विक्रेत्याचे नुकसानच होते.

प्रयोगाची साक्ष :
चार्टर्स टॉवर्सजवळील वॅम्बियाना येथे १९९७ पासून चराईच्या विविध पद्धतींची तुलना होत आहे. त्यांपैकी एका पद्धतीत हवामान-निर्देशांक पाहून गुरांची संख्या बदलली जाई. तेथे जास्त गुरे ठेवल्याने चांगल्या पावसाच्या वर्षांत नफा दिसला; पण दुष्काळात चाऱ्याच्या खर्चाने तो गिळला आणि बहुवर्षायू गवत खालावले. दीर्घकाळात मध्यम संख्याच अधिक लाभदायक ठरली.

समारोप :
अंदाज चुकण्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत. लवकर विकल्यास काही नफा बुडतो. उशिरा विकल्यास कुरणच बुडते आणि ते सावरण्यास अनेक वर्षे लागतात. उत्तर क्वीन्सलँडमध्ये बहुतांश पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पडतो. त्यामुळे एप्रिलअखेरीस कुरणात किती गवत आहे, हे प्रत्यक्ष पाहता येते. त्यावरून गुरांची संख्या ठरवावी आणि अंदाजाचा आधार ती कमी करण्यासाठी घ्यावा, वाढविण्यासाठी नव्हे. हवामानशास्त्राचे महत्त्व यामुळे घटत नाही. उलट त्याचे योग्य स्थान निश्चित होते.