काकवीत पोहणारे जीव

येलदरीच्या जलाशयाच्या काठचे हिरवट पाणी आणून त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की वर्गात गलका होतो. "सर, पळतंय!" पॅरामेशियम नजरेतून निसटते आणि आम्ही फळ्यावर लिहून मोकळे होतो : 'हालचालीचे अवयव – पक्ष्माभिका'. एडवर्ड पर्सेल यांचा 'लाइफ ॲट लो रेनॉल्ड्स नंबर' हा लेख वाचला आणि त्या फळ्याची आम्हाला लाज वाटली.

पर्सेल हे १९५२ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. १९७६ मधले त्यांचे हे व्याख्यान पुढच्या वर्षी 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये छापून आले. ते म्हणतात, एवढ्या लहान जीवाला जडत्व जवळजवळ नसतेच. आपण हात मारायचे थांबलो तरी पाण्यात थोडे पुढे जातो. जिवाणू थांबला, की अणूच्या रुंदीइतकाही पुढे सरकत नाही. त्याचा अनुभव घ्यायचा तर काकवीने भरलेल्या हौदात उतरावे आणि हातपाय मिनिटाला एक सेंटिमीटरहून वेगाने हलवू नयेत! तिथे वल्हे नुसते पुढे-मागे मारले, तर जितके पुढे जाल तितकेच मागे याल. म्हणूनच जिवाणूची कशाभिका मळसूत्रासारखी फिरते. पॅरामेशियमची पक्ष्माभिका जाताना ताठ असते, परतताना वाकते.

गुऱ्हाळ पाहिलेल्या मुलांना काकवी लगेच पटते. शिंपल्याचा दाखला मात्र बदलावा लागेल. पर्सेल यांचा समुद्री शिंपला झडपा मिटून पाणी फेकत पोहतो. आपल्या नदीतला चिखलात पायाने सरकतो.

लेखाची खरी उणीव वेगळीच आहे. तो पोहणाऱ्यांपाशीच थांबतो. डासाने त्वचेत सोडलेला हिवतापाचा परजीवी पोहत नाही. त्याला कशाभिका नाही, पक्ष्माभिका नाही, छद्मपादही नाहीत. पृष्ठभागावरच्या प्रथिनांनी पकड घेत, आतल्या ॲक्टिन-मायोसिनच्या जोरावर तो सेकंदाला एक-दोन मायक्रॉन घसरत जातो आणि रक्तवाहिनी गाठतो. ती गाठता आली नाही तर पुढे यकृत नाही, हिवतापही नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर२१ या लशीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारस केली. ती याच अवस्थेच्या पृष्ठभागावरील प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. अशी प्रतिपिंडे चिकटली, की परजीवीचे घसरणे मंदावते, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. आमच्या फळ्यावरच्या तीन अवयवांत या प्राण्याला जागाच नव्हती.

तरीही लेख मिळवून वाचाच. पहिल्या वाचनात समीकरणे सोडली तरी चालतील. हाताने काढलेल्या आकृत्या मात्र सोडू नका.