पिकार्ड परत ड्युटीवर

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ मी डहाणू लोकलमध्ये, पालघरपर्यंत उभ्याने पाहिली. १९९०मध्ये बोर्ग कॅप्टन पिकार्डला पळवतात, यंत्राला जोडतात, त्याच्याच डोक्यातली माहिती वापरून ३९ जहाजं संपवतात. पुढच्याच भागात तो फ्रान्सला घरी जातो, भावाशी चिखलात मारामारी करतो, रडतो आणि परत खुर्चीत!

मित्र म्हणतात, हे पटत नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्रात कंट्रोल रूमला परवाना लागतो, मग यानाला नको? नियम म्हणून बरोबर आहे. पण मी बोईसरचा. काका एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज होते. रिॲक्टर फुटला, दोन हेल्पर गेले. तेराव्याच्या आत काका त्याच प्लॅन्टवर. कोणी काही विचारलं नाही. फक्त प्रेशर गेजकडे पाठ करून डबा खाणं त्यांनी सोडलं.

म्हणून मला परत येणं खरं वाटतं. खोटं वाटतं ते नंतरचं. ‘आय, बोर्ग’सारखा एखादा भाग सोडला, तर आठवडेच्या आठवडे पिकार्डच्या अंगावर त्या घटनेचा ओरखडाही दिसत नाही. १९९६च्या ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’मध्ये तो काचेचं कपाट फोडतो. काकांना तो सीन दाखवला.

‘सहा वर्षं लागली ह्याला?’ एवढंच विचारलं त्यांनी.